मग काय उपयोग?

अमेरिकेतून परत आल्यावर भेटायला येणाऱ्यांची रांग लागते, हे तुम्हाला माहीत आहेच. तशी ती यंदाही लागली. गेल्या आठवड्यात भाचा येऊन गेला. मी त्याला संगणकावर नातीचे फोटो दाखवत होते. निळ्या-पांढऱ्या बर्फाची उभी भिंत आणि तिला दोन्ही हातांतल्या कुऱ्हाडींनी चिकटलेली आमची पोर. भाचा खूश झाला. मग पुढचा फोटो आला, त्यात ती बर्फाच्या पायथ्याशी पाठीवर पिशवी टाकून उभी होती. मी सांगितले, "हा दुसऱ्या दिवशीचा. इथून ती परत आली, चढली नाही."

"म्हणजे? सहा तास गाडी चालवून गेली, पहाटे चारला उठली, बर्फातून दीड तास चालली आणि पायथ्यावरून परत? मग काय उपयोग, मावशी?"

तेव्हा मी काही बोलले नाही. चहा दिला, विषय बदलला. पण ते तीन शब्द डोक्यातून जाईनात. वयोमानाने समोरासमोर वाद घालायला दम पुरत नाही, म्हणून इथे लिहिते आहे. भाचा हा ब्लॉग वाचतो. (तो वाचत नसला तर सूनबाई वाचतात आणि त्याला सांगतात.) तेव्हा निरोप पोचेलच.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. नात डेन्व्हरला असते. कोलोरॅडो राज्याच्या नैर्ऋत्येला सान ह्वान नावाच्या डोंगररांगा आहेत, आणि त्यांच्या कुशीत यूरे नावाचे हजारएक वस्तीचे गाव. उंची सुमारे ७,८०० फूट, म्हणजे महाबळेश्वराच्या दीडपटीहून जास्त. यूट नावाच्या तिथल्या मूळ रहिवाशांच्या एका प्रमुखाचे नाव या गावाला दिले आहे. पूर्वी तिथे सोन्याचांदीच्या खाणी होत्या. आता हिवाळ्यात गाव चालते ते बर्फावर.

गावाला लागूनच अनकंपाग्रे नदीची खोल, अरुंद घळ आहे. तिथे शंभरावर वर्षांचे जुने जलविद्युत केंद्र आहे. त्याला पाणी नेणारा नळ घळीच्या काठाने जातो. तो गळायचा. हिवाळ्यात ते गळके पाणी कड्यावर गोठायचे आणि बर्फाचे पडदे तयार व्हायचे. गिर्यारोहकांनी ते पाहिले आणि तिथे चढू लागले. १९९० नंतरच्या दशकात गावातल्या लोकांनी या गळतीला शिस्त लावली. काठाने नळ टाकले, तोट्या बसवल्या, फवारे लावले. थंडीच्या रात्री माणसे फिरून या तोट्या कमीजास्त करतात आणि सकाळी घळीत बर्फाचे धबधबे उभे असतात. या माणसांना तिथे म्हणतात ‘आइस फार्मर’, बर्फाचे शेतकरी. रात्री पाणी धरायला उठणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे नाव लगेच समजेल. चढायला तिकीट नाही. आपापली साधने आणा आणि चढा.

साधने म्हणजे दोन हातांत दोन छोट्या, वाकड्या पात्याच्या कुऱ्हाडी. त्यांना आइस टूल म्हणतात. बुटांच्या तळाला क्रॅम्पॉन, म्हणजे पोलादी दातांची चौकट, आणि तिचे पुढचे दात बुटाच्या नाकाबाहेर आलेले. कुऱ्हाड मारायची, ती बसली की नाही हे आवाजावरून ओळखायचे, मग बुटाचे नाक बर्फात ठोकायचे आणि त्या दातांवर उभे राहायचे. दात बर्फात जातात बोटाच्या पेराएवढेही नाही. पूर्वी लोक बर्फात पायऱ्या खोदत चढायचे. १९२९ साली ग्रिव्हेल या इटालियन लोहारघराण्याने क्रॅम्पॉनला पुढचे दात लावले, १९६० नंतर कुऱ्हाडींची पाती वाकडी झाली, आणि मग उभे गोठलेले धबधबे माणसाच्या आवाक्यात आले.

मी घळीवरच्या पुलावर दोन शाली आणि सुनेचा कोट घालून उभी होते. खाली नात चढत होती. वर पोचली तेव्हा तिचे हात बधिर होते. मग बोटांत रक्त परत येऊ लागले आणि ती कळवळली. ती कळ अशी असते की पोटात ढवळून येते. पाच मिनिटांनी हसत म्हणाली, "आजी, आता जेवू."

हे फोटो नातेवाइकांत फिरले आणि दोन पक्ष पडले. मला दोन्ही पक्षांशी भांडायचे आहे.

पहिला पक्ष माझ्या धाकट्या जावेचा. "पोट भरलेल्यांचे उद्योग. जिवावर उदार होण्याची हौस." आता यात पोट भरलेले असणे खरे आहे. उपाशी माणूस धबधब्यावर चढत नाही. पण उपाशी माणूस नाटक पाहायलाही जात नाही आणि ब्लॉगही लिहीत नाही. तो मुद्दा मी सोडून देते. ‘जिवावर उदार’ मात्र सोडणार नाही.

मी त्या घळीत जे पाहिले ते असे. चढण्याआधी दोघी एकमेकींची गाठ हाताने ओढून तपासत होत्या, आणि दर वेळी तपासत होत्या. दोर आधीच वरून बांधलेला, म्हणजे हात सुटला तर माणूस जागेवर लोंबकळणार. दोर धरणारी बर्फाच्या सरळ खाली कधीच उभी राहत नव्हती, कारण कुऱ्हाडीच्या घावाने ताटाएवढी ढलपी निघते आणि खाली येते. डोक्यावर शिरस्त्राण, आणि ढलपी निघाली की वरून "आइस!" अशी आरोळी. त्या आरोळीला वर कोणी पाहत नाही, सगळे मान खाली घालतात, कारण वर पाहिले तर ढलपी तोंडावर येते. ही शिस्त मी चौतीस वर्षांच्या नोकरीत कुठल्याही प्रार्थनेच्या रांगेत पाहिली नाही.

आणि आपल्याकडे? जुलै महिन्यात सह्याद्रीतल्या कुठल्याही धबधब्यावर जाऊन पाहा. पायात स्लीपर, हातात फोन, कडेवर पोर, वरच्या डोंगरावर किती पाऊस पडतोय याची खबर नाही, आणि शेवाळलेल्या दगडावर उभे राहून आख्खे कुटुंब फोटो काढते. दर पावसाळ्यात बातम्या येतात. त्याला कोणी ‘जिवावर उदार’ म्हणत नाही, त्याला वर्षासहल म्हणतात. जाऊबाई स्वतः अशा तीन सहलींना गेल्या आहेत. (रागावू नका. मी एकीला होते.)

दुसरा पक्ष कौतुक करणाऱ्यांचा, आणि तो मला जास्त धोक्याचा वाटतो. आमच्या ज्ञातीच्या अंकासाठी कोणीतरी उत्साहाने मजकूर पाठवला. मथळा होता, ‘गोठलेला धबधबा सर करणारी कन्या’. मी फोन करून तो थांबवला, त्यामुळे दोन घरे अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. पण मी जन्मभर मराठी शिकवले आहे, शब्द चुकीचा लागला की मला राहवत नाही.

‘सर’ किल्ला करतात. किल्ला सर झाला की त्यावर आपले निशाण लागते, दुसऱ्या दिवशीही तो आपलाच असतो. गोठलेला धबधबा कोण आणि कसा सर करणार? कोलोरॅडोतच टेल्युराइड गावाच्या डोक्यावर ब्रायडल व्हेल नावाचा ३६५ फुटी धबधबा आहे. १९७४ च्या जानेवारीत जेफ लो आणि माइक वाइस हे दोघे तो गोठलेला असताना प्रथम चढले. त्या काळात ते अशक्य कोटीतले मानले गेले. १९७८ साली लो तोच धबधबा एकटा चढला आणि एका मोठ्या अमेरिकन क्रीडा साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकला. याच लोने १९९६ साली यूरेला बर्फारोहणाचा मेळावा सुरू केला, तो अजून जानेवारीत भरतो. पुढे त्याला मज्जासंस्थेच्या असाध्य आजाराने गाठले. ज्या माणसाने बर्फावर अशी हुकमत दाखवली त्याचे हातपाय एकेक करून गेले. २०१८ मध्ये तो वारला. आणि तो धबधबा? १९७४ चा बर्फ त्याच उन्हाळ्यात वितळून वाहून गेला. पुढच्या हिवाळ्यात नवा बर्फ, नव्या जागी, नव्या जाडीचा. पाण्याच्या बर्फाची अवघडपणाची श्रेणी एकपासून सातपर्यंत लावतात, पण एकाच धबधब्याची श्रेणी एका वर्षी चार तर दुसऱ्या वर्षी पाच असू शकते. सकाळी एक आणि दुपारी दुसरी असू शकते. दगडी सुळका काल होता तसा आज असतो. बर्फ काल होता तसा आज नसतो.

म्हणजे या खेळात चढण्याच्या आधीची विद्या महत्त्वाची. ती वाचनाची विद्या आहे. आता मी माझ्या विषयावर आले.

थंडी फार कडक पडली तर बर्फ ठिसूळ होतो, काचेसारखा फुटतो. ऊब आली तर मऊ होतो, कुऱ्हाड छान बसते, पण तोच बर्फ खडकापासून सुटू लागतो. एका रात्रीत पारा झर्रकन खाली गेला तर सुटे उभे खांब ताणाने तडकतात. निळसर बर्फ बहुधा घट्ट असतो, पांढऱ्यात हवा असते. बर्फामागून पाणी वाहते ते ऐकावे लागते. ऊन कड्याच्या माथ्यावर किती वाजता येणार हे ठाऊक असावे लागते. आणि धबधब्याच्या वर जी घळ असते तिथे हिम साठलेले असेल तर ते केव्हाही खाली येईल. सान ह्वानचे हिम त्या बाबतीत बदनाम आहे. राज्याचे एक केंद्र रोज हिमस्खलनाचे अंदाज प्रसिद्ध करते. नात ते सकाळी चहाआधी वाचते, जसे माझे वडील पंचांग पाहायचे.

त्या दुसऱ्या दिवशी ती आणि तिची मैत्रीण गावापासून काही मैलांवरच्या एका नैसर्गिक धबधब्यावर गेल्या. तिथे तोट्या नाहीत, वरून आधीच बांधलेला दोर नाही. पहिल्या माणसाने दोर खालून घेऊन चढायचे आणि वाटेत आइस स्क्रू बसवत जायचे. हा स्क्रू म्हणजे वीतभर लांबीची पोकळ नळी, बाहेरून आटे असलेली. ती फिरवत बर्फात बसवली की आतून बर्फाची कांडी बाहेर येते. पहिला माणूस पडला तर शेवटच्या स्क्रूच्या वर जेवढा गेला असेल त्याच्या दुप्पट खाली येतो, आणि पडताना क्रॅम्पॉनचे दात कुठेतरी अडकून घोटा मोडतो. म्हणून या खेळातला जुना नियम असा की पहिल्याने पडायचेच नाही.

आदल्या रात्री अपेक्षेपेक्षा ऊब होती. अंदाज तसा नव्हता. पायथ्याशी उभे राहिल्यावर त्यांना बर्फामागे पाण्याचा आवाज ऐकू आला. तरी नातीने छातीच्या उंचीवर पहिला स्क्रू बसवून पाहिला. बाहेर आलेली कांडी पांढरी, भुसभुशीत होती, आणि तिच्यामागून नळीतून पाणी आले. दोघींनी एकमेकींकडे पाहिले, स्क्रू काढला आणि परत फिरल्या. तो फोटो निघताना काढलेला. भाच्याने पाहिलेला.

दुपारी एकला ती परत आली. गावात गरम पाण्याच्या झऱ्यांचे मोठे कुंड आहे, तिथे मी पाय सोडून बसले होते. ती शेजारी येऊन बसली. म्हणाली, "बर्फ चांगला नव्हता, आजी." मी म्हटले, "बरं." एवढेच आमचे बोलणे झाले.

आता ‘मग काय उपयोग’ विषयी.

हे मी अजून कोणाला सांगितले नव्हते. १९८४ च्या ऑगस्टमध्ये मी आठवीच्या ४२ मुलांना भोरकडच्या एका किल्ल्यावर सहलीला नेले होते. पायथ्याला पोचलो तेव्हा धुके आणि पाऊस. गावातला एक म्हातारा म्हणाला, "बाई, आज जाऊ नका. वरच्या टप्प्याला शेवाळ धरलंय." मला ते कळत होते. मी त्या टप्प्यावर आधी गेले होते. पण एसटीची गाडी ठरवलेली, मुलांकडून पैसे घेतलेले, शाळेत परत गेल्यावर मुख्याध्यापक आणि पालक काय विचारतील ते मला अक्षरशः ऐकू येत होते. ‘अर्ध्यातून परत आलात? मग काय उपयोग?’ मी मुलांना वर नेले.

वर गेलो, घोषणा दिल्या, फोटो काढला. उतरताना एक मुलगा त्याच टप्प्यावर घसरला आणि दहाबारा फूट खाली गेला. कोपर मोडले. त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात अहवाल वाचला गेला, त्यात ‘बाईंनी भर पावसात ४२ विद्यार्थ्यांना गडावर नेऊन सुखरूप परत आणले’ असे वाक्य होते. टाळ्या झाल्या. तो मुलगा तिसऱ्या रांगेत हात गळ्यात बांधून बसला होता आणि त्याला टाळ्या वाजवता येत नव्हत्या.

तो आता पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ आहे. रस्त्यात भेटला की वाकून नमस्कार करतो. त्याचा उजवा हात कोपरात पूर्ण सरळ होत नाही. त्याने एकदाही मला दोष दिला नाही. चूक माझी होती. मी भित्री नव्हते, उलट पुरेशी भ्याले नाही, आणि ज्याला भ्यायला हवे त्या शेवाळाला न भिता लोकांच्या प्रश्नाला भ्याले. गड सर झाला म्हणून मला टाळ्या मिळाल्या. पायथ्यावरून परत फिरले असते तर एक कोपर वाचले असते आणि त्याचा अहवाल कोणी लिहिला नसता. परत फिरण्याची नोंद होत नाही, फोटो होत नाही, ज्ञातीच्या अंकात मथळा होत नाही. म्हणून आपल्याला वाटते की तिथे काही घडलेच नाही.

माझ्या नातीने पंचविसाव्या वर्षी जे केले ते मला पस्तिसाव्या वर्षी जमले नव्हते. म्हणून भाच्याचा प्रश्न मला लागला.

तुम्ही म्हणाल, एवढे वाचता येते तर मग हा खेळ सुरक्षित झाला. तसे मी म्हणणार नाही. गी लासेल नावाचा कॅनडाचा आरोहक होता. दोराशिवाय एकटा बर्फ चढण्यात त्याचे नाव साऱ्या जगात घेतले जाई, आणि सावधपणाबद्दलही. १० डिसेंबर २००९ रोजी मोंटाना राज्यातल्या हायलाइट घळीत, त्याच्या वर असलेल्या दुसऱ्या आरोहकांकडून सुटलेल्या छोट्याशा हिमप्रपाताने त्याला खाली नेले आणि तो गेला. तेव्हा तो ५४ वर्षांचा होता. ज्याचे वाचन सर्वांत चांगले त्याच्याही पानावर दुसऱ्याने शाई सांडू शकते. हे नातीला ठाऊक आहे आणि मलाही. रात्री मला झोप लागत नाही त्या रात्रींचा हिशेब मी इथे देत नाही. जाऊबाईंची काळजी खोटी आहे असे मी म्हटलेले नाही. त्या काळजीला ‘वेडेपणा’ हा शब्द चुकीचा आहे एवढेच म्हटले.

पण धोका पूर्ण जात नाही म्हणूनच उरलेला धोका वाढवू नये. आणि तो वाढवणारे आपण घरबसले लोक असतो. आपण विचारतो, "वर पोचलीस का?" फोटो वरचा मागतो. सहा तासांच्या प्रवासाचा हिशेब मागतो. पुढच्या वेळी ती पायथ्याशी उभी असेल, नळीतून पाणी येत असेल, आणि कानात मामाचा आवाज असेल, ‘मग काय उपयोग?’ तो आवाज तिथे असू नये, एवढीच माझी मागणी आहे.

आणि हा मोह पुढे वाढणार आहे. तिकडचे हिवाळे उबदार होत चालले आहेत. यूरेच्या त्या बर्फाच्या शेतीलाही पाणी कमी पडू लागले, तेव्हा जवळच्या एका चांदीच्या खाणीने आपल्या हक्काचे पाणी देऊ केल्याची बातमी २०२५ मध्ये आली. चढण्याजोगे दिवस मोजके झाले की प्रत्येक दिवस वाया घालवणे जिवावर येते. सुट्टी दोनच दिवसांची, बर्फ दोनच आठवड्यांचा, मग माणूस भुसभुशीत कांडीकडे पाहून म्हणतो, चालेल. परत फिरणे जसजसे महाग होईल तसतशी त्याची किंमत आपण घरच्यांनी जास्त ओळखायला हवी.

तेव्हा नातेवाईक मंडळींना विनंती. मुले डोंगरावरून, बर्फावरून, समुद्रावरून फोन करतील तेव्हा ‘झालं का?’ ऐवजी ‘कसं होतं?’ विचारा. ‘बर्फ कसा होता?’ विचारा. त्यांना सांगायला आवडते, आणि सांगता सांगता त्यांचे वाचन पक्के होते. वर्गात मी हेच करत असे. उत्तर काय आले हे विचारण्याआधी प्रश्न वाचून दाखव म्हणत असे. सहलीच्या दिवशी मात्र मी माझाच धडा विसरले.

असो. भाचेबुवा, तुझ्या प्रश्नाचे उत्तर राहिले. दर रविवारी रात्री साडेआठला नातीचा फोन येतो, तिकडे तेव्हा सकाळ असते. परवाच्या रविवारीही आला. ती म्हणत होती, बर्फ जमला की डिसेंबरात त्याच धबधब्यावर पुन्हा जाणार आहे. पायथ्याशी जाऊन पाहील, मग ठरवील.

उपयोग हा झाला.